मुंबईत बिऱ्हाड हलवायचंय? पैसे रस्त्यात नाही, जिन्यात जातात

मुंबईतलं पहिलं भाड्याचं घर सोडलं तेव्हा माझं सगळं सामान एका रिक्षात मावलं होतं: एक सुटकेस, एक गादी आणि आईनं दिलेला कुकर. दुसरं घर सोडताना मात्र टेम्पो लागला. विलेपार्ल्याहून अंधेरीला जायचं होतं, जेमतेम तीन किलोमीटर. हमालांच्या मुकादमानं सहा हजार सांगितले. मी म्हटलं, "अहो, तीनच तर किलोमीटर आहे!" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, किलोमीटरचे पैसे नाहीत हो ते. तिसऱ्या मजल्याचे आहेत."

त्यानंतर आणखी चार घरं झाली आणि प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं पटत गेलं. शहरातल्या शहरात घर हलवताना डिझेल हा बिलातला लहान भाग असतो. खरे पैसे जातात ते माणसांच्या हातांचे आणि तासांचे. सामान जिन्यावरून उतरवायला, गेटपासून लिफ्टपर्यंत वाहायला, लिफ्ट मोकळी होण्याची वाट बघायला. त्यामुळे बचत करायची ती या दोन टोकांना. 'कुठून कुठे' याची घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही.

आधी सामान मोजा

फोन करण्याआधी एक वही घ्या आणि खोलीखोलीतून फिरा. पलंग, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या किती, सोफा किती जणांचा, कुंड्या किती, खोकी अंदाजे किती. माळा विसरू नका. मुंबईच्या घरात माळ्यावर आणखी एक घर असतं. आम्ही एकदा माळा न बघताच यादी दिली होती. शिफ्टिंगच्या दिवशी तिथून दोन ट्रंका, जुना मिक्सर, गणपतीचं मखर आणि पितळी भांड्यांचं पोतं निघालं. टेम्पो भरला होता. दुसऱ्या फेऱ्याचे अठराशे रुपये वेगळे गेले.

यादी झाली की गाडी ठरवता येते. वन आरकेचं किंवा मोजकं सामान 'छोटा हत्ती'त, म्हणजे टाटा एसमध्ये, मावतं. मागचा हौदा साधारण सात फुटांचा असतो. वन बीएचकेला पिकअप किंवा त्याहून मोठी टाटा ४०७ लागते. टू बीएचकेला ४०७ ठासून भरावी लागते, नाहीतर चौदा फुटी गाडी बोलवावी लागते. शंका असेल तर एक नंबर मोठीच गाडी घ्या. दोन गाड्यांच्या भाड्यातला फरक दुसऱ्या फेऱ्यापेक्षा नेहमी कमी असतो.

आणि मोजतानाच नको ते काढून टाका. रद्दीवाला आणि भंगारवाला दोघेही घरी येतात, वर पैसे देतात. प्लायवूडचा जुना पलंग एकदा उघडला की परत नीट बसत नाही. तो न्यायचा खर्च, सुताराची मजुरी आणि मनस्ताप एकत्र धरला तर तिथेच कुणाला तरी देऊन टाकलेला बरा.

मग दोन्ही इमारतींची चौकशी

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लिफ्ट आहे का, आणि असली तर सामानासाठी वापरू देतात का? कित्येक सोसायट्यांमध्ये सामान फक्त सर्व्हिस लिफ्टनं न्यायचं असतं. वेळही ठरलेली असते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी काहीतरी, रविवारी बंद. काही सोसायट्या शिफ्टिंगचे पैसे घेतात, काही परत मिळणारी अनामत घेतात. पावती मागा. जुन्या घराच्या सोसायटीचा गेट पासही आदल्या दिवशीच घ्या. मेंटेनन्स थकलेला असेल तर सेक्रेटरीला नेमकं त्याच दिवशी ते आठवतं, मग भले तो मालकानं भरायचा असो.

नव्या सोसायटीत भाडेकराराची प्रत आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागतात. आमचा करार नोंदला गेला होता, पण त्याची प्रत एजंटकडे होती आणि एजंट पनवेलला. टेम्पो गेटबाहेर पावणेदोन तास उभा. वॉचमन म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, कागदाशिवाय नाही." त्याचंही बरोबरच होतं. टेम्पोवाल्यानं वेटिंगचे पाचशे लावले. हमालांची दुसरी कामं पुढे सरकली, त्यांना दोनशे दोनशे जास्त द्यावे लागले. तेव्हापासून दोन्ही कागदांच्या झेरॉक्स माझ्या पर्समध्ये असतात आणि पीडीएफ फोनमध्ये.

गाडी कुठपर्यंत येते तेही बघून या. नव्या टॉवरमध्ये पोडियमचं, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्याचं, छत इतकं खाली असतं की चौदा फुटी गाडी आत शिरतच नाही. गिरगाव, दादर, लालबागच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असतात. गाडी नाक्यावर थांबली तर तिथून घरापर्यंत वाहून न्यायचे वेगळे पैसे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर त्या दिवशी आकडा वाढतो आणि सामान अर्धं रस्त्यात असल्यामुळे तुम्ही 'हो' म्हणता.

चाळीत किंवा जुन्या इमारतीत जिना अरुंद असेल तर सोफा आणि मोठं कपाट वळणावर अडकतं. मग दोर लावून गॅलरीतून खाली सोडतात. गिरगावात आमच्या मावशीचं गोदरेजचं कपाट असं उतरवताना मी पाहिलंय. वर तिघे, खाली दोघे, मध्ये गोणपाटात गुंडाळलेलं कपाट हळूहळू फिरत खाली येतंय आणि समोरच्या चाळीतली सगळी गॅलरीत उभी. दोर लावायचे एका वस्तूला आठशे ते दीड हजार धरून ठेवा. त्याआधी कपाटाचे खण, आरसा आणि लॉकरमधलं सगळं काढून घ्या.

कुणाला बोलवायचं: तीन रस्ते

पहिला रस्ता पॅकर्स अँड मूव्हर्सचा. ते खोकी आणतात, बांधतात, उतरवतात, चढवतात, लावून देतात. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या आणि ओळखीपाळखीच्या शिफ्टिंगमध्ये, मुंबईतल्या मुंबईत, जे पैसे गेले ते असे: वन आरकेला तीन ते पाच हजार, वन बीएचकेला पाच ते नऊ, टू बीएचकेला आठ ते पंधरा आणि थ्री बीएचकेला चौदा ते बावीस हजार. बिनलिफ्टचा मजला असेल तर वरच्या आकड्याकडे झुकायचं. बिल घेतलं की त्यावर साधारण १८ टक्के जीएसटी चढतो, तो भावात आहे की वर, हे पहिल्याच फोनला विचारा.

दुसरा रस्ता नाक्यावरच्या टेम्पोचा. जवळपास प्रत्येक उपनगरात स्टेशनजवळ किंवा पुलाखाली टेम्पो स्टँड असतो. तिथे टेम्पोवाला भेटतो आणि हमालांचा मुकादमही त्याच्याच ओळखीचा असतो. पॅकिंग तुम्ही करायचं. मागच्या वन बीएचकेचा माझा हिशेब: पिकअप २,२००, तीन हमाल प्रत्येकी ८००, पॅकिंगचं सामान ९००, चहा-नाश्ता ३००. एकूण ५,८००. त्याच घरासाठी पॅकर्सचे भाव आले होते ७,५००, ९,००० आणि १२,५०० अधिक जीएसटी.

तिसरा रस्ता अॅपवरून टेम्पो मागवण्याचा. भाडं आधी दिसतं, पण ते गाडीचं असतं. ड्रायव्हर सामान उचलेलच असं नाही. हेल्पर हवा असेल तर तो बुकिंगमध्ये वेगळा घ्यावा लागतो, आणि सामान भरायला मिळणाऱ्या फुकट मिनिटांनंतर मीटर चालू होतं. मित्रमंडळी हाताशी असतील, सामान हलकं असेल तर हा रस्ता सगळ्यात स्वस्त. चौथ्या मजल्यावरून फ्रिज उतरवायला मित्रांना बोलावू नका, मैत्री टिकवायची असेल तर.

माझं मत विचाराल तर वन बीएचकेपर्यंत नाक्यावरचा टेम्पो आणि स्वतःचं पॅकिंग. टू बीएचके, लहान मूल, नोकरीतून एकच दिवस सुट्टी, असं असेल तर पॅकर्स. तिथे दोन-तीन हजार वाचवून पाठ धरण्यात अर्थ नाही.

भाव घेताना

एका साइटवर नंबर टाकला की पुढचे चार दिवस फोन थांबत नाहीत, हे लक्षात ठेवून टाका. त्यापेक्षा सोसायटीच्या वॉचमनला विचारा. कोण आलं होतं, कुणी भांडण केलं, कुणी लिफ्टचा आरसा फोडला, सगळं त्याला माहीत असतं. आमचे शेवटचे दोन्ही मुकादम वॉचमननं सुचवलेले.

तीन भाव घ्या. फोनवर अंदाजे आकडा सांगणाऱ्याला घर बघायला बोलवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवा, माळ्यासकट. मग पुढच्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून मागा: सामानाची यादी, गाडी कोणती, माणसं किती, दोन्हीकडचे मजले, पॅकिंग धरलंय का, पलंग-कपाट उघडून परत जोडणं धरलंय का, टोल आणि पार्किंग कुणाचं, वेटिंग किती तासांनंतर लागतं. टोलचं मुद्दाम म्हणते. मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या चारचाकींना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ झाला, त्यामुळे आपल्याला वाटतं टोल संपलाच. ठाणे, मुलुंड, वाशीकडे सामान जाणार असेल तर मालवाहू गाडीचं काय, ते टेम्पोवाल्यालाच विचारा आणि भावात धरायला सांगा.

सगळ्यात कमी भाव सांगणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. एका ओळखीच्या मुलाला कांदिवलीहून चेंबूरला जायचं होतं. भाव मिळाला ४,०००, बाकीच्यांचे सात-आठ. सामान गाडीत चढल्यावर ते म्हणाले, "सामान जास्त निघालं, साडेआठ होतील." गाडी त्यांची, सामान आत, नवं घर वाट बघतंय. त्यानं दिले. यादी लिहून घेतलेली नव्हती, मग भांडणार कशावर?

अॅडव्हान्स हजार-पाचशेच्या वर देऊ नका. बाकीचे पैसे सामान घरात आल्यावर. इन्शुरन्सच्या नावाखाली दोन-तीन टक्के मागितले तर पॉलिसीचा कागद मागा. कागद नाही तर ते पैसे कुठे जातात हे तुम्हाला कळलं असेलच.

तारीख: इथे खरी सूट मिळते

महिन्याची अखेर, पहिली तारीख, शनिवार-रविवार, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, या दिवसांना भाव चढलेले असतात. महिन्याच्या मधला मंगळवार-बुधवार मागितला की मुकादम स्वतःहून हजार कमी करतो. जुन्या आणि नव्या घराच्या करारात तीन-चार दिवस एकावर एक आले तर हे जमतं. तेवढ्या दिवसांचं जास्तीचं भाडं आणि वाचणारे पैसे कागदावर मांडून बघा. बऱ्याचदा नवा मालक दोन दिवस आधी किल्ली द्यायला तयार असतो, फक्त विचारावं लागतं.

सगळ्यात स्वस्त काळ सांगू? पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कुणी नव्या घरात जात नाही, टेम्पो स्टँडवर उभे असतात. आम्हाला नऊ हजारांचं काम साडेसहात मिळालं. आईला मात्र हे सांगताना माझी तारांबळ उडाली. "पक्षात घर बदलतेस?" एवढं म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. शेवटी तोडगा तिनंच काढला. गणेश चतुर्थीला मालकाकडून तासाभरासाठी किल्ली घेतली, नव्या घरात कलश ठेवला, दूध उतू घातलं. "आता घर आपलं झालं. सामान काय, कधीही येऊ दे." अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर चौथ्या दिवशी सामान गेलं. विसर्जनाच्या दिवशी मात्र चुकूनही ठेवू नका, रस्ते बंद असतात.

पावसाळ्यात भाव थोडे उतरतात, पण ताडपत्री आहे का ते विचारा आणि गाद्या प्लास्टिकमध्ये घालाच. मोठ्या भरतीची वेळ आणि जोरदार पाऊस एकत्र आला की अंधेरी सबवे, हिंदमाता इथे किती पाणी तुंबतं हे नव्या माणसाला पहिल्याच जुलैमध्ये समजतं. तो दिवस पुढे ढकला. गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना शहरात बंदी असते, दक्षिण मुंबईत जास्तच कडक, म्हणून मोठी गाडी असेल तर ड्रायव्हरशी वेळ बोलून ठरवा.

पॅकिंग स्वतः केलं तर

खोकी विकत घेऊ नका. मेडिकलवाला आणि किराणावाला संध्याकाळी देतात, वाईन शॉपची सगळ्यात चांगली. आत पुठ्ठ्याचे कप्पे असतात, त्यात ग्लास आणि बरण्या एकेक बसतात. दुकानात मागताना शेजारची काकू बघत असेल, बघू दे. भांड्यांना वर्तमानपत्र, टीव्हीला गोधडी, जुन्या साड्यांत गादी. विकत आणायचं ते एवढंच: चिकटपट्टीचे पाच-सहा रोल, सुतळी, थोडा बबल रॅप आणि एक जाड मार्कर.

पुस्तकं लहान खोक्यात. मोठ्या खोक्यात भरली तर ते उचलणारा माणूस तुम्हाला मनातल्या मनात काय म्हणतो ते मी ऐकलंय, कारण एकदा तो मोठ्यानं म्हणाला होता. प्रत्येक खोक्यावर खोलीचं नाव आणि नंबर टाका, तोच नंबर वहीत. उतरवताना वही हातात धरून टिक करा. दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं आणि देव तुमच्याबरोबर, टेम्पोत नाही.

मशीनची कामं वेगळी असतात

एसी काढणं-लावणं मूव्हर्सच्या भावात सहसा नसतं. काढायचे पाचशे-सातशे, लावायचे हजार-दीड हजार, तांब्याची पाइप कमी पडली तर फुटाच्या हिशेबानं वेगळे. इथे एक गोष्ट समोर उभं राहून बघा. चांगला मेकॅनिक एसी कूलिंगवर चालू ठेवतो, बाहेरच्या युनिटची बारीक पाइपची व्हॉल्व्ह आधी बंद करतो, थोड्या वेळानं जाड पाइपची, आणि मग मशीन बंद करतो. त्यामुळे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये साठून राहतो. घाईतला माणूस सरळ नट सोडतो आणि फुस्स असा लांबलचक आवाज येतो. तो आवाज तुमच्या अडीच-तीन हजारांचा.

फ्रिज आदल्या रात्री बंद करा, पाणी पुसा, उभाच न्यायला सांगा आणि नव्या घरी चार-पाच तास उभा राहिल्यावरच चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे नेताना आतला ड्रम घट्ट धरणारे बोल्ट, जपून ठेवले असतील तर परत लावा. पाइप गॅसच्या घरातून सिलिंडरच्या घरात जात असाल, किंवा उलट, तर शेगडीचे जेट बदलावे लागतात. तो माणूस आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिले दोन दिवस वडापाव. सिलिंडर टेम्पोत इतर सामानात टाकू नका, नव्या पत्त्यासाठी एजन्सीत बदली करून घ्या.

त्या दिवशी

गाडीच्या नंबरचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो काढा, घरातल्या कुणाला तरी पाठवा. टीव्ही, फ्रिज, कपाटाचे आधीचे ओरखडेही फोटोत येऊ द्या. एक माणूस वर, एक गाडीजवळ, एवढी व्यवस्था असली की पुरे.

हमालांशी नीट वागा. आमचा फ्रिज ज्यानं उतरवला तो पन्नाशीचा होता. पाठीवर पट्टा, पट्ट्यात फ्रिज, मागे एक पोरगा हात लावून "अजून एक पायरी, आता उजवीकडे" म्हणत. खाली आल्यावर त्यानं पट्टा सोडला आणि दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला. थंड पाणी, चहा, दुपार झाली तर वडापाव, हे आधीच आणून ठेवा. चहापाण्याचे शंभर-दोनशे काम झाल्यावर त्यांच्याच हातात द्या, मुकादमाकडे नको. काही वस्त्यांमध्ये उतरवायला तिथलीच माणसं लावा असा आग्रह होतो. नव्या सोसायटीत आधी विचारून घ्या आणि मुकादमालाही सांगा, त्यांचं आपापसात ठरलेलं असतं.

काही फुटलं तर पैसे द्यायच्या आधी तिथेच दाखवा, फोटो काढा, रक्कम वजा करायला सांगा. सामान अडवून जास्त पैसे मागू लागले तर व्हॉट्सअॅपवरची यादी आणि ठरलेला आकडा समोर ठेवा. बऱ्याचदा तेवढ्यावर मिटतं. नाही मिटलं आणि दमदाटी झाली तर ११२, आणि नंतर तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५.

आणि एक खोकं सगळ्यात शेवटी गाडीत चढवा, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. त्यात चहापत्ती, साखर, पातेलं, चार कप, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, टॉवेल, साबण, कात्री, झाडू आणि दोन बादल्या. बादल्या का, ते मी कांदिवलीच्या पहिल्या संध्याकाळी शिकले. सामान लावता लावता साडेसात झाले, नळ उघडला, कोरडा. खाली वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "पाणी सात वाजता जातं ताई, आता सकाळी साडेपाचला."